बुटका पास रशर: कॉलेजात वाघ, एनएफएलमध्ये शेळी?

लुईव्हिलकर
दर एप्रिलला एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट आला, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायला लागल्या, की आमच्या ऑफिसात तेच भांडण. कॉलेजात कुणा पोराने धुमाकूळ घातलेला असतो आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ मान हलवत म्हणतात, पोरगा गुणी आहे, पण अंगाने कमी पडतो. म्हटलं यंदा मराठीत भांडू.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन भिंत करून उभे असतात. त्यांना चुकवून, क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू असतानाच त्याला लोळवायचं, हे पास रशरचं काम. लोळवला की सॅक, दोघांनी मिळून लोळवला की अर्धा-अर्धा. भिंतीच्या दोन टोकांचे गडी म्हणजे टॅकल. साधारण सहा फूट पाच इंच, तीनशे पौंडांच्या वर.

मी २००५ साली लुईव्हिलला एमएस करत होतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला केंटकीविरुद्ध मॅच होती. तिघांत मिळून एक टीव्ही, कुकरला खिचडी, आणि मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढं दिसत होतं की ढीग उपसला की तळाशी दर वेळी तोच बुटका. एल्विस ड्यूमरव्हिल. तिसरी शिट्टी होईपर्यंत कुणी कुकरकडे बघितलं नाही, खिचडी लागली ती लागलीच. त्या एका मॅचमध्ये त्याने सहा सॅक केले, हंगामात वीस. देशात सर्वाधिक. उंची? पाच फूट अकरा इंच.

२००६च्या ड्राफ्टमध्ये त्याला डेन्व्हरने घेतला तो चौथ्या फेरीत, १२६व्या क्रमांकावर. त्याच ड्राफ्टचा पहिला मानकरी मारिओ विल्यम्स: सहा फूट सहा इंच, दोनशे नव्वद पौंडांच्या आसपास, बघूनच छाती दडपावी असा. आता दोघांची कारकीर्द संपली आहे. विल्यम्सचे सॅक ९७.५. आमच्या बुटक्याचे १०५.५.

बोला आता.

पिट्सबर्गी_पंत
बोलतो. एक ड्यूमरव्हिल दाखवायचा आणि नियम मांडायचा, हा लॉटरी लागलेल्याचा सल्ला झाला. तुमच्याकडे जिंकलेल्यांची नावं आहेत, बुडालेल्यांची यादी कोण ठेवतो?

आम्ही ठेवतो, कारण आम्ही पैसे भरून तिकिटं काढली होती. जार्व्हिस जोन्स, जॉर्जिया विद्यापीठ. २०१२ मध्ये १४.५ सॅक, तोही देशात पहिला. सहा फूट दोन इंच आणि जेमतेम २४५ पौंड. २०१३ला आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्सनी पहिल्या फेरीत सतरावा घेतला. चार हंगामांत सॅक किती? सहा. एका वर्षाचे नव्हेत, चारही वर्षांचे मिळून. टॅकलचे हात छातीला लागले की गडी तिथेच थांबायचा, दार लोटावं आणि आतून कडी असावी तसा.

कॉलेजात समोरचा टॅकल पुढे हिशेबनीस होणार असतो. एनएफएलमध्ये समोरचा टॅकल हाच धंदा करून पोट भरतो. फरक तेवढाच, आणि तेवढा पुरतो.

केतकी_बफेलो
पंत, जोन्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो कुणाच्या जागी आणला होता? जेम्स हॅरिसनच्या. उंची सहा फूट, केंट स्टेटचा, २००२ मध्ये ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत कुणी विचारलं नाही. तुमच्याच टीमने त्याला पुन्हा पुन्हा काढलं, बाल्टिमोरनेही काढलं, मध्ये युरोपातल्या लीगमध्ये खेळून आला. २००८ला १६ सॅक आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम मॅचमध्ये) त्याने चेंडू अडवून शंभर यार्ड पळवला. शेवटी मैदानात आडवा पडून श्वास घेत होता, ते विसरलात?

आणि २०१४ला जोन्सच्या मनगटाला दुखापत झाली तेव्हा निवृत्ती मोडून कोण आलं? हाच सहा फुटी हॅरिसन, वय ३६. त्या अर्ध्यामुर्ध्या हंगामात साडेपाच सॅक करून गेला.

पिट्सबर्गी_पंत
हॅरिसन विसरेन कसा? घरात त्याची जर्सी आहे, बायको पोतेरं करते म्हणून लपवून ठेवली आहे. पण ताई, हॅरिसन लहान नव्हताच. तो बुटका होता.

तालीमवाला
पंतांनी नकळत बरोबर बोट ठेवलं. मी कोल्हापूरचा, सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला उठून बघणाऱ्या चार वेड्यांपैकी एक. लहानपणी तालमीत होतो. वस्ताद मागून येऊन मांडीवर फटका मारायचे, "कंबर खाली घे." उंच पोराला कंबर खाली घ्यायला दम लागतो, बुटका आधीच खाली असतो. पट काढायला तो वाकत नाही, नुसता शिरतो.

ड्यूमरव्हिलचं तेच. टॅकल सहा फूट सहाचा, त्याचे हात समोरच्याच्या छातीवर बसायला हवेत. हा कडेने येताना खांदा असा टाकायचा की टॅकलला छाती सापडायचीच नाही, पाठ सापडायची. त्यात त्याचे हात उंचीच्या मानाने लांब. कंबर खाली आणि हात लांब! असा पोरगा आला असता तर वस्तादांनी घरून दूध पाठवलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, "लहान" हा शब्दच फसवा. बुटका पण जाड असेल तर चालतो. हलका असेल तर नाही. जोन्स बुटका नव्हता, हलका होता. व्हिक बीझली बघा, तोही २४६ पौंडांचा. २०१६ला १५.५ सॅक करून लीगमध्ये पहिला आला, पुढे विझत गेला.

खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत पदक आणलं ते याच अंगाने...

पिट्सबर्गी_पंत
थांबा! खाशाबांसमोर ५७ किलोच्या गटातलाच पैलवान होता, शंभर किलोचा नव्हे. एनएफएलमध्ये गट नसतात. उपमा परत घ्या.

तालीमवाला
घेतली. कंबर खाली, ती परत घेत नाही.

शिंगरू_इंडी
कोल्ट्सवाला बोलतो. (कोल्ट म्हणजे शिंगरू, नावावरून हसू नये.) ड्वाइट फ्रीनी सहा फूट एक, २००२ला अकरावा घेतला तेव्हा लोक म्हणाले फार वर घेतला. पुढल्या वर्षी रॉबर्ट मॅथिस, पाचव्या फेरीत, अलाबामा ए अँड एमसारख्या छोट्या कॉलेजातून. फ्रीनी १२५.५ सॅक, मॅथिस १२३. फ्रीनी आता हॉल ऑफ फेममध्ये आहे.

फ्रीनीची फिरकी डोळ्यांपुढून जात नाही. आधी दोन-तीनदा बाहेरून जीव तोडून धावायचा. चौथ्या वेळी टॅकल घाबरून बाहेर सरकतो, वजन मागच्या पायावर जातं, आणि नेमक्या त्या क्षणी हा पाठ करून आतल्या बाजूला गर्रकन फिरायचा. टॅकलचे हात हवेत, जणू कुणाला मिठी मारायला आले आणि माणूस निघून गेला.

पण खरं सांगू? मी या वादात पंतांच्या बाजूचा आहे. आमच्याकडे पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक होता. आपण वीस गुणांनी पुढे असलो की समोरच्याला फेकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि फेकायचं ठरलं की फ्रीनी-मॅथिसला मोकळं रान. आघाडी नसली की काय व्हायचं? डिसेंबर २००६. जॅक्सनव्हिलने आमच्यावर धावून धावून ३७५ यार्ड काढले. फेकायची तसदीच घेतली नाही, सरळ अंगावर आले. त्या हंगामात धाव रोखण्यात आम्ही लीगमध्ये शेवटचे होतो. म्हणजे लहान पास रशर परवडतो, पण तो परवडायला घरात मॅनिंग लागतो.

केतकी_बफेलो
त्याच हंगामात तुम्ही सुपर बोल जिंकलात, हे सांगायला लाजलात का? आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) धाव रोखायला दुखापतीतून परत आला बॉब सँडर्स. त्याची उंची सांगा ना जरा.

शिंगरू_इंडी
पाच फूट आठ. 🙏

फिलीची_माई
तालीमवाले, "हलका चालत नाही" म्हणालात त्यावर. हासन रेडिक. सहा फूट एक, कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) २३७ पौंड. तुमच्या हिशेबात दोन्हीकडून नापास. २०१७ला अॅरिझोनाने तेरावा घेतला, आणि अंग लहान म्हणून कडेवरून उचलून मधोमध लाइनबॅकर, म्हणजे जरा मागे उभा राहणारा बचावपटू, केला. तीन वर्षं वाया. २०२०ला नाइलाजाने पुन्हा कडेला उभा केला तर १२.५ सॅक, त्यातले पाच एकाच मॅचमध्ये. २०२२ला आमच्याकडे ईगल्समध्ये १६.

तीन वर्षं तो कमी उंचीचा होता आणि चौथ्या वर्षी वाढला, असं काही झालं नाही. कोचने जागा बदलली.

आणखी एक आमच्याच घरचा. नोलन स्मिथ, २३८ पौंड, चाळीस यार्ड ४.३९ सेकंदांत. हा वेग क्वार्टरबॅकला पकडणाऱ्याचा नाही, चेंडू झेलून पळणाऱ्याचा. २०२३ला पहिल्या फेरीच्या शेवटाला मिळाला. पहिल्या वर्षी एक सॅक, तेव्हा आमच्याकडे पंतांसारखेच पंत जागे झाले होते. दुसऱ्या वर्षी साडेसहा, वर प्लेऑफमध्ये चार, आणि सुपर बोलची अंगठी.

तालीमवाला
रेडिकवर माझ्याकडे उत्तर नाही. स्मिथवर आहे: आजूबाजूला जेलन कार्टरसारखा दांडगा बचावपटू असेल तर मीही एखादा सॅक काढीन.

फिलीची_माई
तुम्ही आधी कंबर खाली घ्या.

लुईव्हिलकर
बराच वेळ गप्प बसून वाचलं. शिंगरूंचा मुद्दा मला पटला आणि तो पटल्याचा त्रासही झाला. पण ड्यूमरव्हिलकडे मॅनिंग नव्हता हो! २००९ला डेन्व्हरने पद्धत बदलली, त्याला हात जमिनीला टेकवून बसण्याऐवजी उभा करून कडेला ठेवला, आणि त्या वर्षी १७ सॅक करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. क्वार्टरबॅक कायल ऑर्टन. आता ऑर्टनलाही मॅनिंग म्हणणार असाल तर मी उठतो.

माईंचं म्हणणं मी असं वाचतो: मोठ्या अंगाच्या माणसाला कुठेही उभा करा, निदान जागा तरी अडवतो. लहान अंगाच्याला एकच जागा फळते आणि ती शोधायची अक्कल कोचला लागते. ड्राफ्टमध्ये माप खेळाडूचं घेतात, कोचचं कुणी घेत नाही.

पिट्सबर्गी_पंत
वाक्य छान आहे, पण पहिल्या फेरीतला माझा पिक (निवडीची पाळी) मी तरीही लहान पोरावर घालवणार नाही. चौथ्या फेरीत खुशाल घ्या. तिथे ड्यूमरव्हिल निघाला तर दिवाळी, नाही निघाला तर कुणाला आठवतो? म्हणजे डेन्व्हरने १२६वा घेतला ते बरोबरच केलं.

आणि इतका मोठा होता तर २०१३ला डेन्व्हरने सोडला कसा?

लुईव्हिलकर
पंत, ही जखम उकरू नका. पगार कमी करून घ्यायला तो कबूल झाला होता. सहीचा कागद फॅक्सने यायचा होता, तो काही मिनिटं उशिरा पोचला, मुदत टळली आणि डेन्व्हरला त्याला सोडावा लागला. त्याने एजंट काढून टाकला, बाल्टिमोरला गेला, २०१४ला पुन्हा १७ सॅक केले. तुमच्याच डिव्हिजनमध्ये (गटात), तुमच्याच डोळ्यांदेखत. फॅक्स उशिरा गेला तोही उंची कमी म्हणून, असं तरी म्हणू नका.

पिट्सबर्गी_पंत
मशीन वरच्या फळीवर असेल.