मदत हवी आहे: स्वमग्नता आणि उत्क्रांती – पालकसभेत काय सांगू, काय गाळू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागेत आम्ही काही पालक दर महिन्याला भेटतो. सगळ्यांचीच मुलं स्वमग्न (ऑटिस्टिक). येत्या २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाला, जरा मोठा कार्यक्रम आहे आणि या वेळी आजी-आजोबांनाही बोलावलंय. "हे माणसात आलं कुठून" यावर वीस मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आहे. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. वाचून बरंच समजलं, पण काही ठिकाणी अडलेय. जनुकशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

विषय हाच का घेतला ते सांगते. निदान झालं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: कुणाकडून आलं? तुझ्या माहेरी कुणी होतं का असं? गरोदरपणात मोबाइल फार बघितलास का? बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये अशा अकरा मुलांचं वर्णन केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं "आईनं माया लावली नाही म्हणून मूल असं झालं" असं डॉक्टरच सांगायचे. १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास केला आणि आनुवंशिकता ठळकपणे पुढे आली. आज तिचा वाटा साधारण ८० टक्के मानतात. तरी आमच्यातल्या आया अजून बोलणी खातायत. त्यांच्या सासू-सासऱ्यांसमोर हे एकदा नीट मांडलं जावं, एवढी माझी इच्छा आहे.

आता अडलंय कुठे. स्वमग्न व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, मुलं कमी होतात. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात (२०१३) हे स्पष्ट दिसलं. मग नैसर्गिक निवडीत हे केव्हाच गळून जायला हवं होतं. पण आजही जगात अंदाजे शंभरात एक जण स्वमग्न आहे. याची जी उत्तरं वाचली त्यातलं जॅरेड रेसर यांचं (२०११) असं, की एकट्यानं रानात फिरून अन्न गोळा करणाऱ्याला हा स्वभाव उपयोगी पडत असावा. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन म्हणतात, गोष्टींमागचे नियम शोधायची माणसाची जी ओढ आहे, तिचंच हे टोक. शोध लावणारी डोकी आणि स्वमग्नता एकाच मुळातून आली. यॉर्क विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ पेनी स्पिकिन्स वेगळ्या बाजूनं येतात. त्यांच्या मते साधारण लाखभर वर्षांपूर्वी माणसं एकमेकांना जास्त सांभाळून घ्यायला लागली, म्हणून बारकाव्यात रमणाऱ्या वेगळ्या माणसालाही टोळीत जागा मिळाली.

हे वाचताना मला माझे मामा आठवत राहिले. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावायचं, म्हणजे तारेचा झंकार जुळवायचं काम करतात. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा कानस. दुपार अशीच जाते, जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही. लग्नाच्या मांडवात मात्र पाच मिनिटं थांबवत नाही त्यांना. निदान कधी झालं नाही, त्या पिढीत कुणाचं व्हायचं? मामांच्या बाबतीत वरच्या तिन्ही गोष्टी पटतात.

पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती बोलत नाही. अजून एकटी आंघोळ करू शकत नाही, कुकरची शिट्टी झाली की कानावर हात दाबून रडते. ती कुठल्या रानात एकटी जगली असती? आमच्या गटातली निम्मी मुलं तिच्यासारखी आहेत. त्यांच्या आयांसमोर "ही निसर्गाची खास देणगी" म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

म्हणून विचारते:
मामा आणि मुलगी यांचं मूळ एकच मानायचं का? रेसर यांची एकट्या अन्नशोधकाची कल्पना अभ्यासक कितपत गंभीरपणे घेतात? आणि "कुणाकडून आलं"चं खरं उत्तर साध्या मराठीत कसं द्यावं?

प्रतिसाद: पेशीकेंद्र
ताई, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, गुंता बराच सुटेल.

पहिली म्हणजे सगळ्याच माणसांत थोडेथोडे असलेले जनुकीय बदल. एकेकाचा परिणाम नगण्य, पण शेकडो एकत्र आले की स्वभावात दिसतात. २०१७ च्या पोलिमांटी आणि गेलर्न्टर यांच्या अभ्यासात यातल्या काही बदलांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा दिसल्या, आणि त्यांचा संबंध शिक्षणातल्या प्रगतीशी लागतो. मामा बहुधा या बाजूला.

दुसरी म्हणजे एखादाच, पण जबर परिणाम करणारा बदल. प्रत्येक बाळात आईवडिलांमध्ये नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतातच. तुमच्यात, माझ्यातही आहेत. बहुतेक निरुपद्रवी. क्वचित एखादा मेंदू घडवणाऱ्या जनुकात पडतो. निवड असे बदल काढून टाकते, पण दर पिढीत नवे होतच राहतात, म्हणून ते संपत नाहीत. तिथे "उपयोग काय होता" हा प्रश्नच लागू नाही. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे मुलीबद्दल तपासणीशिवाय काहीच सांगता येणार नाही. जनुकीय समुपदेशकाला एकदा भेटा.

एकटा अन्नशोधक ही कल्पना म्हणून ठीक आहे, पण थेट पुरावा नाही. माणसं शिकार आणि अन्नवाटप दोन्ही टोळीनंच करायची. स्टॅनफर्डच्या स्टार आणि फ्रेझर यांचं २०२५ चं काम मला जास्त वजनदार वाटतं. मेंदूच्या बाह्य थरातल्या एका प्रकारच्या चेतापेशी माणसात इतर वानरांपेक्षा झपाट्यानं बदलल्या आणि त्या ओघात स्वमग्नतेशी जोडलेल्या जनुकांचं काम त्या पेशींत मंदावलं, असं ते मांडतात. म्हणजे माणूस ज्या बदलांनी घडला, त्यांच्याच सोबत ही शक्यताही आली असावी.

प्रतिसाद: कराडचा बाबा
माझा मुलगा चौदाचा, तोही बोलत नाही. "देणगी" गाळताय ते फार बरं. रात्रभर जागलेल्या आईला तो शब्द टोचतो. आजी-आजोबा येतायत तर शेवटची पाच मिनिटं कागदपत्रांना द्या: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामय विमा (सरकारी आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत). २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, हे अजून कित्येकांना माहीत नाही.

धागालेखिका
दोघांचेही मनापासून आभार. एकटा अन्नशोधक गाळला. स्पिकिन्स मात्र ठेवणार, कारण आमच्या मुलांना सांभाळणारी टोळी त्या दिवशी समोरच बसलेली असेल. "साठ-सत्तर नवे बदल, प्रत्येक बाळात" हे सुरुवातीलाच सांगते, सासूबाईंसकट सगळ्यांना. पेशीकेंद्र, "निवडीच्या खुणा" म्हणजे नेमकं काय मोजतात, ते दोन ओळींत लिहाल का? रविवारी मसुदा इथेच टाकते, चुका बिनधास्त दाखवा.