कॅरिबियन बेटांवर बाहेर जेवताना: काय मागायचं, कधी मागायचं आणि कुठे फसायला होतं

मंडळी, कॅरिबियन बेटांवरून परतलेल्यांचे निळ्या समुद्राचे फोटो भरपूर बघून झाले. आता खाण्याकडे वळू. हॉटेलातला बुफे नको. टपरी, रोटी शॉप, कुकशॉप (छोटी खाणावळ) आणि किनाऱ्यावरच्या शेगड्यांबद्दल लिहा. अट एकच: 'लय भारी होतं' एवढ्यावर सोडू नका. पदार्थात काय असतं, कोणत्या वारी आणि किती वाजता मिळतो, मागताना नेमकं काय म्हणायचं आणि नवखा माणूस कुठे चुकतो, ते येऊ द्या. कोण कोणाबरोबर गेलं होतं हे गाळलंत तरी चालेल.

त्रिनिदाद: डबल्स

'डबल्स' हे एकवचनही आहे. एकच हवं असलं तरी 'वन डबल्स' म्हणायचं. सैल मैद्यात हळद, जिरे आणि यीस्ट घालून, तेलाच्या हाताने थापून तळलेली तळहाताएवढी पुरी म्हणजे 'बारा'. बारा कुरकुरीत नसतो. तळून कापडात झाकून ठेवतात, वाफेने मऊ पडतो, आणि तसाच हवा. असे दोन बारा एकावर एक किंचित सरकवून त्यावर काबुली चण्याची पातळसर करी, काकडीचा कीस, चिंचेची चटणी, शॅडो बेनीची हिरवी चटणी, कुचेला आणि शेवटी पेपर. शॅडो बेनीची पानं लांबट, दातेरी कडांची, वास कोथिंबिरीचाच पण चांगलाच उग्र. कुचेला म्हणजे कैरीचा कीस घट्ट पिळून मोहरीच्या तेलात आणि मसाल्यात मुरवलेला. आपल्या तक्कूचा थोरला, कोरडा भाऊ म्हणा.

पेपर म्हणजे मिरपूड नव्हे, स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस. आपली माणसं मार खातात ती इथे. चण्याची करी सौम्यच असते, कारण तिखट ज्याचं त्याने वरून घ्यायचं अशी पद्धत आहे. पहिल्या घासाला 'हे तर अळणी' असं वाटतं आणि पुढचं 'प्लेंटी' (भरपूर पेपर) मागितलं जातं. स्कॉच बॉनेट स्कोव्हिल मापात १ लाख ते साडेतीन लाखांपर्यंत जाते. घरी लवंगीचा ठेचा खाणाऱ्यानेही सुरुवात 'स्लाइट'ने (जरासाच पेपर) करावी. नको असेल तर 'नो पेपर'.

खायची रीत: कागद तळहातावर पसरून ठेवा, वरच्या बाराचा तुकडा तोडा आणि त्याने चणे उचला. सँडविचसारखं उचललंत तर रस कोपरापर्यंत येतो. चमचा मागू नये. गर्दीच्या गाडीवर बहुतेक वेळा आधी खायचं आणि शेवटी किती खाल्ले ते सांगून पैसे द्यायचे. सुट्टे हवेत, कार्ड विसरा. वेळ सकाळी ६ ते १०, आणि पुन्हा रात्री. क्युरेप, सेंट जेम्स आणि दक्षिणेकडचं डेबे ही ठिकाणं पक्की. डबल्सचा उगम १९३६ चा, प्रिन्सेस टाउनमधल्या दीन कुटुंबाकडचा मानतात.

डेबेबद्दल भर

डेबेला फक्त डबल्स खाऊन परत फिरू नका. तिथे रस्त्याकडेला ओळीने तळणीची दुकानं आहेत. सहीना म्हणजे अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली वडी. गूळ-चिंच आत नसते. वडी मधून चिरून चटणी आणि कुचेला भरतात. फुलौरी ही वाटाणा डाळीच्या पिठाची पोकळ गोल भजी, ती डझनावर मिळते आणि गार झाली की रबर होते, म्हणून कढईतून निघताना दिसेल तेव्हाच घ्या. बैगनी (वांग्याची भजी) आणि आलू पाय (बटाटा भरलेला, इंग्रजीतला 'पाय') ओळखीचे वाटतील. शाकाहारी माणसाला अख्ख्या कॅरिबियनमध्ये याहून निर्धास्त रस्ता नाही.

रोटी, जरा सविस्तर

३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, त्रिनिदादला उतरले. पुढे आलेलेही बहुतांशी भोजपुरी मुलखातले. त्यामुळे दुकानात जीरा, मसाला, भाजी, आलू, बैगन, तवा हे शब्द कानावर पडतात, आणि आपण गाफील होतो. शब्द तेच असले तरी ताटात येणारी गोष्ट तीच नसते.

तीन रोट्या वेगळ्या ओळखा. धालपुरी ही सारण भरलेली. वाटाण्याची पिवळी डाळ बोटाने जेमतेम चुरडेल इतपत शिजवून, भाजलेलं जिरं, लसूण आणि मिरची घालून कोरडी दळतात. पुरणपोळीची तिखट चुलत बहीण. डाळ जास्त शिजली तर सारण ओलं होतं आणि पोळी फाटते. म्हणून चांगल्या दुकानातली धालपुरी उलगडली की आतून डाळीची कोरडी पूड सांडते. तो दोष नाही. धालपुरीत करी गुंडाळून देतात. दुसरी 'बस अप शट': तेल-तुपाचा पदर सुटलेला पराठा तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी झोडपून चिंध्या केलेला. नाव 'बस्ट-अप शर्ट', म्हणजे फाटक्या शर्टावरून. तो गुंडाळून मिळत नाही, करी शेजारी येते, हाताने खायचा. तिसरी सादा रोटी, तेलाविना, फुगलेली. ती सकाळची. तिच्याबरोबर बैगन चोका किंवा टोमॅटो चोका मागा. चोका म्हणजे विस्तवावर भाजून, वरून लसणाची कडकडीत फोडणी दिलेलं भरीत.

मागताना क्रम असा: आधी रोटी, मग करी, मग सोबतच्या भाज्या, मग पेपर. चिकन असेल तर 'बोनलेस' स्पष्ट म्हणा. बकऱ्याचं आणि बदकाचं मटण हाडांसकट खांडलेलं असतं आणि गुंडाळलेल्या रोटीत हाडाची कपची दिसत नाही, दाताला लागते. भाज्यांत चवळीच्या शेंगांची 'बोडी', लाल भोपळा आणि करी मँगो आवर्जून घ्या. करी मँगोत कैरीच्या फोडी कोयीसकट असतात, गोड-आंबट. दुपारी १ नंतर बदक संपलेलं असतं.

शाकाहारींसाठी, थोडक्यात पण महत्त्वाचं

'चना अँड आलू' म्हटलं तरी वर 'नो मीट ग्रेव्ही' जोडा, नाहीतर प्रेमाने चिकनचा रस्सा ओततात. रविवारच्या जेवणातलं कॅलालू दिसतं अळूच्या फतफत्यासारखं, आणि आहेही अळूचंच: भेंडी, नारळाचं दूध, भोपळा. पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट असू शकतं. लाल बीन्सच्या उसळीतही तेच शेपूट. जमैकात 'कॅलालू' मागितलं तर अळू येत नाही, माठाच्या जातीची पालेभाजी येते. तिथे शाकाहारींनी 'आयटल' पाटी शोधावी: रास्ताफारी पंथाच्या पद्धतीचं, मांसाविना, बहुतेक वेळा मिठाविना, नारळाच्या दुधातलं. अळणी लागेल, लागू दे. आणि जमैकात नुसतं 'पॅटी' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) म्हटलं की बीफ गृहीत असतं. 'व्हेज' किंवा 'कॅलालू' पॅटी असं पूर्ण नाव घ्या. ऑक्सटेलही गाईबैलाचंच.

जमैका

जर्क म्हणजे मसाला लावून भाजलेलं डुक्कर किंवा चिकन. पण जर्कचा जीव मसाला नव्हे, धूर. मसाला हवाच: ऑलस्पाइसचे दाणे, स्कॉच बॉनेट, पातीचा कांदा, थाइम. पण खरी चव त्याच झाडाच्या, तिथे ज्याला पिमेंटो म्हणतात त्याच्या, ओल्या लाकडावर मंद भाजण्यातून येते. वर पत्रे झाकून धूर आत कोंडतात. पोर्टलंड परगण्यातलं बोस्टन बे हे याचं माहेर. शहरात तेलाचं पिंप उभं चिरून केलेल्या शेगडीवर 'पॅन चिकन' मिळतं, शुक्रवार-शनिवारी रात्री जास्त. ते कोळशावरचं असतं. चांगलं असतं, पण ते वेगळं.

डुक्कर वजनावर मागतात: 'क्वार्टर पाउंड' म्हणजे साधारण ११५ ग्रॅम, एकाला 'हाफ पाउंड' पुरतं. चिकन 'क्वार्टर' किंवा 'हाफ'. कोयत्याने हाडांसकट तुकडे पाडतात, कपच्या सांभाळा. झाकण ठेवलेल्या ट्रेमधला माल शिजून ओलसर पडलेला असतो. शेगडीवरून उचललेला मागा, दहा मिनिटं थांबावं लागलं तरी. बरोबर 'फेस्टिव्हल' घ्या: मका आणि मैद्याचं लांबट, गोडसर तळलेलं. तिखट उतरतं ते त्याने. पाण्याने आणखी भडकतं.

अॅकी अँड सॉल्टफिश हा सकाळचा पदार्थ. खारवलेला मासा भिजवून-उकळून मीठ काढतात आणि अॅकीच्या पिवळट गराबरोबर परततात. दिसायला अंडा भुर्जी, चव लोण्यासारखी मवाळ. सोबत तळलेलं डंपलिंग आणि उकडलेली हिरवी केळी. अॅकीचं फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय काढायचं नसतं; कच्च्यात हायपोग्लायसिन असतं, त्याने रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाते. बिया आणि आतला गुलाबी पापुद्राही टाकायचा. वर्दळीच्या कुकशॉपमध्ये खुशाल खा, बाजारातून फळं आणून स्वतः प्रयोग करू नका.

पॅटी कोको ब्रेडमध्ये घालून खातात. कोको ब्रेडमध्ये सहसा ना कोको, ना खोबरं. पॅटीचा कोपरा तोडून वाफ जाऊ द्या, मगच चावा. 'राइस अँड पीज'मधले पीज म्हणजे बहुधा राजमा; भातात अख्खी मिरची दिसली तर ती वासापुरती असते, चमच्याने फोडू नका.

बार्बाडोस

मेन्यूवर 'डॉल्फिन' दिसलं तर दचकू नका, तो माही-माही मासा. राष्ट्रीय पदार्थ कू-कू आणि फ्लाइंग फिश. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात लाकडी पट्टीने घोटून केलेली उकड. गुठळी असेल तर घाईने केलेली समजा. उडत्या माशाचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून. एरवी गोठवलेला असतो. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजायचा बाजार भरतो. ७ च्या आत पोचा. ८ नंतर भाजलेल्या माशाला अर्धा तास सहज जातो. मार्लिन भाजल्यावर कोरडा पडतो, पैसे माही-माहीवर घालवावेत. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), यात अंडं असू शकतं. शनिवारी 'पुडिंग अँड सूस' मिळतं. नावावर जाऊ नका, ते गोड नाही: वाफवलेलं रताळं आणि लिंबात मुरवलेलं डुक्कर. न्याहारीला 'ब्रेड अँड टू' म्हणा, सॉल्ट ब्रेड नावाच्या पावात माशाच्या दोन भज्या येतात. पिवळा पेपर सॉस मोहरीचा आहे म्हणून सौम्य समजू नका.

पैशांचं एक: पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. बार्बाडोसचे २ म्हणजे अमेरिकेचा १, त्रिनिदादचे साधारण पावणेसात, जमैकाचे दीडशेच्या वर. आणि बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघूनच टीप द्या.

ग्रेनाडा, चार ओळी

ऑइल डाउन. नीरफणसाच्या फोडी, अळूची पानं, खारवलेलं मांस, डंपलिंग, हळद आणि नारळाचं दूध एका पातेल्यात थरांनी रचून, दूध आटून तळाशी तेल सुटेपर्यंत शिजवतात. नाव त्यावरूनच. एका माणसापुरता होत नाही, म्हणून मेन्यूकार्डात शोधू नका. कोणत्या दिवशी करणार ते आदल्या दिवशी विचारा.

पोर्तो रिको

मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर लाकडी खलात कुटून केलेला मुटका. कुटताना डुकराच्या चामडीची कुरकुरीत तळण घालतात. 'सिन चिचारोन' म्हटल्याशिवाय ती येतेच. रस्सा मागा, कोरडा घशाखाली उतरत नाही.

माशांबद्दल सावधगिरी

सिग्वातेरा या विषबाधेचं विष प्रवाळात वावरणाऱ्या मोठ्या माशांत साठतं: बाराकुडा, मोठा ग्रूपर, अँबरजॅक. मासा ताजा असतो, वास-चव बदलत नाही, शिजवून किंवा गोठवून विष जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब, ओठांना मुंग्या, आणि गार वस्तू चटका दिल्यासारखी लागणं. तसं झालं तर डॉक्टरला 'मासा खाल्ला' एवढंच नाही, कोणता आणि किती वाजता ते सांगा. खुल्या समुद्रातले माही-माही, उडते मासे याबाबतीत सुरक्षित. जमैकात १ एप्रिल ते ३० जून लॉबस्टर पकडायला बंदी असते. त्या दिवसांत कोणी 'आत्ताच पकडलाय' म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय किंवा कायदा मोडतोय. त्रिनिदादच्या माराकास किनाऱ्यावर बेक अँड शार्कऐवजी (तळलेल्या पावात तळलेला शार्क) 'बेक अँड फिश' मागता येतं, आणि मागावं. शार्क आधीच कमी होत चाललेत, आणि तिथली खरी मजा लसूण सॉस, चिंच, शॅडो बेनी आणि अननस स्वतः वाढून घ्यायच्या टेबलावर आहे.

पिण्याचं

मॉबी हे झाडाच्या सालीचं दालचिनी-लवंग घालून उकळलेलं सरबत. आधी गोड, मग घशात काडेचिराइतासारखं कडू. अर्धा ग्लास घ्या. काहींना पोट साफ व्हायला पुरतो. नाताळाच्या सुमाराचं लाल 'सॉरेल' म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आल्याचं. जमैकात त्यात रम असू शकते, मुलांना देण्याआधी विचारा. आणि त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क सव्हानाजवळ शहाळं प्यायलात तर पाणी संपल्यावर निघू नका. ते परत शहाळंवाल्याच्या हातात द्या आणि 'जेली' (आतली मऊ मलई) म्हणा. एका घावात दुभागतो आणि त्याच सालीचा चमचा छाटून देतो.