बुलेटचा मागचा टायर, लवकर सांगा राजेहो

गावठी_बुलेट: राजेहो, बुलेटले मागचा टायर टाकाचा हाय. दारव्ह्यात दोन दुकानं पालथी घातली, एक म्हणते १८ इंची घे, दुसरा म्हणते तो बसतच नाई. परवा साळ्याचं लग्न हाय यवतमाळले, म्हणून लेक्चर नको, कोणता घेऊ तेवढं सांगा.

तुरीची_डाळ: कोणती बुलेट? कोणत्या सालची?

गावठी_बुलेट: बुलेट म्हणजे बुलेट. त्यात काय.

डुगडुग३५०: नाई ना भाऊ. आताच्या क्लासिक मॉडेलले मागं १८ चा रिम येते अन् पुढं १९ चा, जुन्या स्टँडर्डले दोन्हीकडं १९, साइज ३.२५-१९, म्हणजे सव्वातीन इंच रुंद अन् १९ इंची रिमचा. गिअर कोणत्या पायाले हाय? जुनीले उजव्या पायाले राहते.

गावठी_बुलेट: उजव्या. बाबाची हाय, १९८६ ची.

डुगडुग३५०: मंग १८ वाल्याच्या दुकानात पाय ठेवू नको.

मेळघाटी: ट्यूबलेस टाक ना बे, मी टाकला तवापासून चिखलदऱ्याचा घाट कितीदा चढलो, पंक्चर नाई.

डुगडुग३५०: स्पोकच्या रिमले ट्यूबलेस? प्रत्येक स्पोकच्या भोकातून हवा जाईन. टायर कोणताबी घे, आत ट्यूब लागतेच.

मेळघाटी: माया गाडीले तर चालते.

डुगडुग३५०: तुया गाडीले अलॉय हायेत बाप्पा, बिनस्पोकची अखंड चाकं!

काळीमाती: ३.५० रुंदीचा टाका, मागून भरल्यासारखी दिसते.

गावठी_बुलेट: तोच तर होता, मेकॅनिकनं टाकला होता. चेनकव्हरले घासू घासू एका बाजूनं पार गेला.

तुरीची_डाळ: अन् हे आता सांगून राह्यला!

रिटायर_फोरमन: चेनले ऑईल वेळेवर द्या. आमच्या काळी रविवारी गाडी उभी करून आधी चेन धुवाचो.

गावठी_बुलेट: काका, चेनचं कोण इचारलं? बरं, दुसऱ्या दुकानात ३.२५-१९ भेटला, पाचशे रुपये कमी करते म्हणे. घेऊ?

काळीमाती: कापूस इकून आला वाटते. तिकडं काय भाव चालू हाय?

तुरीची_डाळ: थांब. टायरच्या बाजूले डीओटी लिहिलं असन, त्याच्या शेवटचे चार आकडे पाय.

गावठी_बुलेट: ३११४

तुरीची_डाळ: २०१४ चा हाय तो, ३१ व्या आठवड्यातला. पाचशे काऊन सोडून राह्यला आता समजलं. रॅकवर पडून पडून रबर कडक होते, भेगा पडतात, ओल्या डांबरावर ब्रेक मारला का घसरलाच.

गावठी_बुलेट: पण रबराचे बारीक केस हायेत अजून त्याच्यावर. नवाकोराच हाय.

तुरीची_डाळ: केस माया आज्याच्या डोक्यावर बी मरेपर्यंत होते.

डुगडुग३५०: यंदाचा माल माग. ट्यूब अन् रिमपट्टी बी नवी घे, जुनी पट्टी सरकली का स्पोकचं टोक ट्यूबले टोचते, मंग रस्त्यात ढकलत जा.

काळीमाती: एवढी कटकट असन तर गाडी इकता का? मी घेतो.

गावठी_बुलेट: बाबा मलेच इकतीन. ऑर्डर देऊन आलो, तिन्ही वस्तू चार दिवसांनी येतीन म्हणते. लग्नाले यष्टीनं जातो, साळा हासनच.

मेळघाटी: तरी ट्यूबलेसचं इचार कर.