सोसायटीच्या गच्चीवर सोलर: अनुदान आणि टाकीची सावली
लिफ्ट-पंपाचं बिल कमी करायला गच्चीवर सोलर बसवलं तर सोसायटीला सरकारी अनुदान मिळतं का, असा प्रश्न पडतो. मिळतं. केंद्राच्या 2024 च्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरसाठीच्या योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये आहेत. एकेका घराचा आकडा वेगळा (3 किलोवॅटला 78,000), तो सोसायटीला लावू नका. आमच्या खजिनदारकाकांनी नेमकं तेच केलं आणि सभेत तासभर कल्ला!

पण अनुदानाआधी सावली बघा. आमच्याकडचा एजन्सीवाला सकाळी अकराला गच्ची बघून गेला. पाण्याच्या टाकीची सावली साडेतीननंतर शेवटच्या रांगेवर येते, हे त्याला कसं दिसणार? एका पॅनेलवर सावली आली की त्याच ओळीत जोडलेली बाकीचीही ढेपाळतात. गच्चीवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी स्वतः चक्कर मारा, तीही शक्यतो डिसेंबरात, सावल्या लांब असताना.

आणखी एक, हे कुणी आधी सांगत नाही. बॅटरी नसेल तर लाइट गेली की सोलरही बंद. भर उन्हातसुद्धा. आपली वीज बाहेरच्या लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप थांबतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अजून विचारतात, "एवढे पैसे घातले, मग लिफ्ट का अडकली?"