सोलापूरच्या थंडीत हंगामी फुलझाडे केव्हा लावावीत?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी गच्चीवर कुंड्यांमध्ये पिटुनिया, डायंथस, डेलिया आणि शेवंती लावतो. पुण्या-नाशिककडच्या वेळापत्रकाप्रमाणे सप्टेंबरअखेर बी पेरले, तर ऑक्टोबरच्या उन्हात कोवळी रोपे दुपारी माना टाकतात. डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो, पण दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो. आणि सिद्धेश्वराची यात्रा आटोपते न आटोपते तोच ऊन पुन्हा चटकू लागते. आपल्याकडची थंडी कशी असते आणि लागवड आपण तिच्याशी कशी जुळवता, हे कृपया सांगावे. माझ्या एका कोपऱ्यातील शेवंतीला दरवर्षी कळ्या फार उशिरा येतात, त्याचेही कारण समजत नाही.

उत्तर (निफाड)

आमच्याकडे अडचण उलटी आहे. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो, द्राक्षमण्यांची फुगवण थांबते आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. फुलझाडांना मात्र ही थंडी मानवते. आमच्या तारखा आपण घेऊ नयेत, एवढेच सुचवतो.

उत्तर (रत्नागिरी)

समुद्रामुळे आमच्या रात्री फारशा थंड होत नाहीत. थोडा गारवा पडला की हापूसला मोहर येईल म्हणून सगळे सुखावतात, आणि मध्येच ढग आले की तुडतुडे व भुरी यांची धास्ती लागते. हवा दमट असल्याने फुलझाडांची पानेही बराच वेळ ओली राहतात. त्यामुळे कुंड्या अंतरावर ठेवून सकाळी फक्त बुडाशी पाणी देणे आम्हाला भाग पडते.

उत्तर (सोलापूर, होटगी रस्ता)

आपल्याकडे समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. म्हणूनच पहाट आणि दुपार यांत एवढी तफावत पडते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन ढग आले, की हीच थंडी दोन दिवसांत नाहीशी होते. तेव्हा पहाटेच्या पाऱ्यावरून लागवड ठरवू नये, दुपारचे ऊन पाहून ठरवावी. कोजागरीनंतर अर्धवट सावलीत बी पेरावे आणि दिवाळी उलटल्यावर रोपे कुंडीत हलवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गच्चीवर खरा त्रास मुळांना होतो. दुपारी तीनच्या सुमारास कुंडीच्या पश्चिमेकडील बाजूला तळहात लावून पाहा. चटका बसला, तर आतील मुळेही भाजत आहेत असे समजावे. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, पश्चिमेला शेडनेटची पट्टी बांधावी आणि मातीवर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. मंगळवेढ्याची ज्वारी खोल काळ्या जमिनीतील ओलीवर आणि दवावर तरून जाते, कुंडीतल्या रोपाला तशी खोली नसते. पाणी बोअरचे असेल आणि मातीवर पांढरी पापडी धरत असेल, तर ती खरवडून काढावी आणि अधूनमधून तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे.

शेवंतीच्या त्या कोपऱ्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का? रात्र लांबली आणि अखंड अंधार मिळाला, की शेवंती कळ्या धरते; रात्रभर उजेड असेल तर ती नुसती पानेच वाढवत राहते.

प्रश्नकर्ता

होय, खांबावरचा दिवा अगदी त्याच बाजूला आहे. कुंड्या आजच जिन्याच्या आडोशाला हलवतो. डेलियाही दिवाळीनंतरच लावावा का?

उत्तर (सोलापूर, होटगी रस्ता)

डेलियाला फुलायला वेळ लागतो, म्हणून त्याची रोपे ऑक्टोबरअखेरच लावावीत, मात्र दुपारची सावली चुकवू नये. फेब्रुवारीच्या मध्यानंतर आपल्याकडे त्याची फुले लहान होत जातात.