अनवाणी व्यायाम: तुमच्या पायांचा अनुभव काय?

अनवाणी पळा, अनवाणी वजनं उचला, सकाळी दवात अनवाणी चाला, असा सल्ला हल्ली चहूकडून मिळतो. दुसरीकडे टाचदुखी घेऊन डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं: घरातसुद्धा चप्पल घाला. दोन्ही ऐकून गोंधळलेली बरीच मंडळी भेटली, म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. कोणता पाय, कोणती जमीन आणि कोणता व्यायाम हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. लहानपणापासून मातीत खेळलेला पाय आणि उभी हयात बुटात काढून चाळिशीत डांबरावर उतरलेला पाय, दोघांना एकच सल्ला कसा देणार? एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांना सांभाळणारे स्नायू वापरात होते की नव्हते, यावर सगळं अवलंबून आहे.

लिहिताना एवढं जरूर सांगा: जमीन कसली होती, आधीची सवय काय होती, आणि त्रास झाला असेल तर नेमका कुठे. दवात चालून चष्म्याचा नंबर उतरतो, असले दावे मात्र नकोत. त्याला काही आधार नाही आणि त्या भरवशावर लोक डोळे तपासायचं लांबणीवर टाकतात.

मल्लखांब शिकवणारी, सातारा

आमच्याकडे बूट हा विषयच येत नाही. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायचा असतो. दोरावर चढण्याची सुरुवातच तिथून. नवीन मुलगी आली की मी आधी तिची पावलं पाहते. शहरातल्या शाळेत दिवसभर बुटात असणाऱ्या मुलींना अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा हलवताच येत नाही. मनात आणतात, पण बोट ऐकत नाही. काही महिन्यांत ते जमायला लागतं, आणि मग तोल, उडी, उडीनंतर जमिनीवर येणं, सगळंच सुधारतं.

खांबावर अढी, म्हणजे पायांची पकड, घालताना पाऊल, नडगी, मांडी यांची कातडी लाकडावर घासते. म्हणून खांबाला एरंडेल लावतो. सुरुवातीला दोरीने बेचक्यात कातडी सोलवटते, कधी रक्तही येतं. तेव्हा मी सराव थांबवते. सोललेल्या जागेवर पुन्हा दोर धरायला लावणं ही शिस्त नव्हे.

फायदा माझ्या डोळ्यांसमोर रोज असतो, पण एक लक्षात घ्या: आमच्या खाली मॅट किंवा मऊ माती असते आणि मुलं आठव्या-नवव्या वर्षी सुरू करतात. हाच अनुभव पन्नाशीच्या माणसाच्या सिमेंटवरच्या जॉगिंगला लावू नका.

टेकडीवर पळणारा, पुणे

मी आधी बुटात पळायचो, आता आठवड्यातला काही भाग अनवाणी. या विषयात भावना फार आणि माहिती कमी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अबेबे बिकिलाचं उदाहरण सगळे देतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या या धावपटूने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. पण पुढचं सहसा कुणी सांगत नाही: १९६४ ला टोकियोत तोच बूट घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा पाय त्याचेच होते.

शास्त्रीय बाजू अशी. जाड टाचेच्या बुटात बहुतेक जण टाच आधी टेकवतात. अनवाणी तसं पळलं की टाचेला थेट हादरा बसतो, म्हणून सवयीचे अनवाणी धावपटू पावलाचा पुढचा किंवा मधला भाग आधी टेकवतात. पावलं आखूड आणि झपाझप पडतात. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० मध्ये हे केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंवर मोजून दाखवलं. पुढच्या भागावर उतरल्यावर तो सुरुवातीचा झटका जवळजवळ दिसत नाही. मात्र अनवाणी पळून दुखापती कमी होतात, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. झटका कमी झाला तरी भार कुठेतरी जातोच. तो जातो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि पंज्याच्या लांब हाडांवर.

मला फायदा गुडघ्यात जाणवला. उतारावर गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं ते कमी झालं. पोटऱ्या मात्र पहिले काही आठवडे इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. आमच्या गटातल्या एकाला पंज्याच्या हाडाला बारीक तडा गेला. तो थेट रोजच्या अंतरावर अनवाणी पळू लागला होता. त्याला सूज फारशी नव्हती, एका बोटाएवढ्या जागेवर दाबलं की कळ यायची, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. अशी ठरावीक जागेची कळ आली की पळणं तिथेच थांबवा.

टेकडीवर सराटे आणि काचा, रस्त्यावर उन्हाने तापलेलं डांबर. म्हणून मी फक्त मैदानाच्या मातीवर अनवाणी पळतो, तेही उजाडल्यावर. पायाखालचं दिसलं पाहिजे.

पालकांची काळजी घेणारी मुलगी, नाशिक

हे जरूर वाचा, विशेषतः घरात कुणाला मधुमेह असेल तर.

बाबांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. बागेत गोट्यांच्या दगडांची ॲक्युप्रेशरची वाट केली आहे, तिच्यावर ते मित्रांबरोबर अनवाणी चालायचे. रक्ताभिसरण सुधारतं असं सगळे म्हणायचे. एका संध्याकाळी आईला फरशीवर डाग दिसले, तेव्हा कळलं की तळव्याला फोड येऊन फुटला आहे. बाबांना काहीच जाणवलं नव्हतं. जखम भरायला कित्येक महिने गेले.

नंतर डॉक्टरांनी पायाची तपासणी केली. नायलॉनचा जाड केसासारखा एक धागा असतो, तो १० ग्रॅम दाब पडल्यावर वाकतो. डोळे मिटायचे आणि तळव्याला तो कुठे टेकतोय ते सांगायचं. बाबांना बऱ्याच ठिकाणी तो कळलाच नाही. मधुमेहात मज्जातंतू असे गुपचूप बधिर होत जातात. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि तोच खरा धोका.

आता नियम ठरलेत. घरातसुद्धा पायात काहीतरी हवंच. फिकट रंगाचे सुती मोजे, म्हणजे रक्त किंवा पू लगेच दिसतो. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा आहे का ते बघायचं. रात्री आरसा धरून तळवे तपासायचे. आसनं ते बसून किंवा पलंगावर झोपून करतात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्यायामशाळेत जाणारा, नागपूर

डेडलिफ्टपुरतं, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलण्यापुरतं सांगतो. पळण्याच्या मऊ बुटात वजन उचलताना टाच दबते आणि पाऊल डगमगतं. अनवाणी उभं राहिलं की जमीन नीट कळते, शिवाय बुटाच्या तळाएवढं अंतर बार कमी उचलावा लागतो. स्क्वॉटचं उलट आहे. माझा घोटा ताठ आहे, खाली बसताना टाच उचलली जाते, त्यामुळे मला तिथे कडक उंच टाचेचे वजन उचलायचे बूटच बरे पडतात.

बऱ्याच जिममध्ये अनवाणी वावरायला मनाई असते आणि ते योग्य आहे. घामट फरशीवरून बुरशी आणि चामखीळ दोन्ही पसरतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतही पायात काहीतरी लागतं, म्हणून लोक पातळ तळाच्या स्लिपर घालतात. मी साधे सपाट कॅनव्हासचे बूट वापरतो. काम भागतं.

क्रीडाशिक्षक, रत्नागिरी जिल्हा

पुण्याच्या मित्राने मातीचं मैदान म्हटलंय, आमच्याकडे जांभा आणि खडी. तरी मुलं अनवाणीच पळतात, कबड्डी-खोखो खेळतात, आणि त्यांचे पाय खरंच मजबूत असतात.

पावसाळ्यात मात्र मी कडक असतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, आणि त्याच भेगेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत जातात. उंदीर-गुरांच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात येतात. कोकणात भातलावणीच्या दिवसांत हा आजार काय करतो ते आम्ही पाहिलंय. अंकुशकृमीची अळी तर धड कातडीतूनही आत शिरते, नंतर रक्तक्षय. त्यामुळे सराव झाला की पाय धुवायचे, बोटांमध्ये कोरडे पुसायचे, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का हे मी पालकांना विचारतोच.

आणखी एक अडचण, जिच्यावर कुणी बोलत नाही. आमची मुलं मातीवर अनवाणी सराव करतात आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. मातीत पाऊल घसरून वळतं. मॅटवर बूट जागीच पकडतो, शरीर वळतं आणि गुडघा अडकतो. स्पर्धेच्या महिनाभर आधी तरी मॅट आणि बूट मिळाले पाहिजेत. मुलांना अनवाणी खेळू द्या म्हणणं सोपं आहे. ही तयारी देणं शाळांचं कर्तव्य आहे.

वारी करणारे, बारामती

माउली, आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आमच्या दिंडीत काही जण अनवाणी चालतात, मीही चाललोय. ती व्यायामाची गोष्ट नाही, श्रद्धेची आहे, पण पाय तेच असतात म्हणून लिहितो. पाऊस लांबला की डांबर चटके देतं. जे वर्षभर शेतात अनवाणी असतात त्यांना निभावतं, बाकीच्यांच्या तळव्यांना दोन मुक्कामांत फोड येतात. अनवाणी चालायचं असेल तर अक्षय्य तृतीयेपासूनच सवय करा. फोड आला तर चप्पल घाला, पांडुरंग रागवत नाही.

कथक नर्तकी, मुंबई

आम्ही तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवणं, अनवाणीच करतो. पायाचा नाद जमिनीतून ऐकायला यावा लागतो. तळवे जाड होतात, भेगा पडतात, ते चालतं. काँक्रीटवर थेट बसवलेल्या टाइल्स मात्र चालत नाहीत. वर्गासाठी भाड्याने मिळणारे बहुतेक हॉल असेच असतात. तिथे जोरकस पदन्यास करून माझ्या नडगीची आतली कड आणि टाच दोन्ही दुखू लागली. खाली पोकळी असलेल्या लाकडी मंचावर तोच रियाज सुसह्य होतो. रबराची मॅट टाकली तर पायांना बरं, पण नाद मरतो. अजून यावर मला उपाय सापडलेला नाही. कुणाकडे असेल तर लिहा.

धागाकर्ता

ताई, जाड प्लायवूडखाली फोमचे तुकडे लावून उचलता येणारे चौकोन करतात, ते एखाद्या सुताराकडून करून पाहा. लहान मुलांच्या सपाट पायांबद्दल कुणी लिहू शकेल का? दोघांनी विचारलंय.

फिजिओथेरपिस्ट आणि आई, ठाणे

मणिपालच्या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले होते: पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यामुळे घरात, अंगणात, वाळूत मुलांना अनवाणी खेळू द्या. लहान मुलांचे पाय सपाट दिसतातच, कमान पुढे हळूहळू तयार होते. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान उमटली आणि दुखत नसेल तर सहसा काळजी नसते. चवड्यांवरही पाय सपाटच राहिला, ताठ वाटला किंवा मूल दुखतंय म्हणालं तर दाखवून घ्या.

मोठ्यांसाठी: पायाच्या बोटांनी गोट्या उचलणं, जमिनीवरचा पंचा बोटांनी ओढणं, एका पायावर उभं राहणं. हे घरात अनवाणी करा. ज्येष्ठांनी भिंतीजवळ करावं आणि नुसते मोजे घालून टाइल्सवर मुळीच नाही, ते अनवाणीपेक्षा जास्त घसरतात. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर सध्या अनवाणी चालणं बंद. पोटरीचे ताण सुरू करा आणि घरात मऊ तळाची चप्पल घाला.

किनाऱ्यावर चालणारा, अलिबाग

ओल्या घट्ट वाळूवर चाला. कोरड्या वाळूत टाच रुतते, टाचेमागची शीर ओढली जाते. किनारा उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने गेलात तर समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. जितकं जाल तितकंच त्याच ओळीने परत या. गणपतीच्या सुमारास पाण्यात पाय घालू नका, पाकट आणि जेलीफिश काठापर्यंत येतात.

टेकडीवर पळणारा, पुणे

एकांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं की वय ५५, बुटाची सवय, मधुमेह नाही, सुरुवात कशी करू. मी तरी पळण्यापासून करणार नाही. आधी घरात अनवाणी वावर, मग हिरवळीवर किंवा मातीवर दहा मिनिटं चालणं, एक दिवसाआड. पोटरी दुसऱ्या दिवशी दुखली तर ती पूर्ण मोकळी होईपर्यंत पुढचा दिवस ढकला. महिना-दोन महिन्यांनी चालण्याच्या मध्ये मिनिटभर पळून बघा. बूट टाकून देऊ नका, लांबच्या अंतराला आणि रस्त्यावर तेच वापरा.