रुग्णाला ‘ग्राहक’ म्हटल्याने उपचारांत काही बदलते का?

प्रश्न
रुग्णालयांच्या बैठकांत आता ‘प्रति खाट सरासरी उत्पन्न’, तपासणीस आलेल्यांपैकी किती जण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले याचा ‘कन्व्हर्जन रेट’ असे शब्द सर्रास वापरले जातात. संस्था चालवायची तर हिशेब ठेवावाच लागणार, हे मान्य आहे. पण हे शब्द लेखा विभागापुरतेच राहतात, की खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या दृष्टीतही उतरतात?

प्रतिसाद १
उतरतात, असे माझे मत आहे, आणि कसे ते ‘कन्व्हर्जन रेट’वरूनच दिसते. शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगून ज्याला परत पाठवले, तो रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या योग्य निर्णयाचे उदाहरण असतो. या आकड्यात मात्र तो हातचा गेलेला व्यवहार ठरतो. महिनाअखेरीस हाच आकडा समोर ठेवून चर्चा होऊ लागली, की ‘थोडे थांबून पाहू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनाच खुलासा करावा लागतो. खोटे निदान करा असे कोणी सांगत नाही आणि तशी गरजही पडत नाही. शस्त्रक्रिया करावी की टाळावी, दोन्ही बाजूंना सारखेच आधार असतील, तेव्हा पारडे कोठे झुकेल एवढेच ठरते. आणि वैद्यकात असे प्रसंग थोडे नसतात.

विमा व्यवसायाची परिभाषा तर याहून उघड आहे. हप्त्यांतून जमलेल्या रकमेचा जो भाग उपचारांवर खर्च होतो, त्याला तेथे ‘मेडिकल लॉस रेशो’ म्हणतात. ज्यासाठी विमा उतरवला, तेच तोट्याच्या खात्यात! अमेरिकेत २०१० च्या कायद्याने हे प्रमाण योजनेच्या प्रकारानुसार किमान ८० किंवा ८५ टक्के ठेवण्याचे बंधन घालावे लागले.

प्रतिसाद २
‘ग्राहक’ या शब्दाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. १९९५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला, आणि हलगर्जीपणाविरुद्ध दाद मागण्याचा तुलनेने सोपा मार्ग रुग्णांना मिळाला. ‘डॉक्टर म्हणजे देव’ ही भाषा काही कमी एकतर्फी नव्हती; देवाला जाब विचारता येत नाही.

प्रतिसाद ३
वरील निकालातच आपल्या प्रश्नाचा एक धागा आहे. जेथे सर्वांनाच पूर्णतः मोफत सेवा मिळते, ती ठिकाणे या निकालाने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे ग्राहक म्हणून मिळणारा हक्क पैशाच्या मागोमाग चालतो, तर रुग्ण म्हणून मिळायला हवा असलेला हक्क आजारातून निर्माण होतो. हे दोन एकच आहेत असे समजले, की न परवडणारा माणूस आपोआप हिशेबाबाहेर जातो.

शिवाय ग्राहकाला तुलना करण्यास, खरेदी पुढे ढकलण्यास सवड असते. बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाला ती नसते. आपण काय विकत घेत आहोत हे रुग्णाला पारखता येत नाही आणि म्हणून येथे विश्वासावर विसंबावे लागते, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. तरीही ‘निवड तुमची’ असे म्हणून पर्यायांची यादी रुग्णापुढे ठेवली जाते आणि निर्णय चुकला तर जबाबदारीही त्याच्यावरच ढकलली जाते. संमती घेणे निराळे आणि सल्ला देण्याचे टाळणे निराळे.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. मग ‘कन्व्हर्जन रेट’शेजारी टाळलेल्या अनावश्यक शस्त्रक्रियांचाही रकाना ठेवावा, असे पुढील बैठकीत सुचवून पाहतो. त्या रकान्याला नाव मात्र व्यवस्थापनाने देऊ नये.